साळिंदराची खासगी वाट

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक साळिंदर राहत असे आणि त्याच्या मालकीची एक वाट होती. वाट कोणाच्या मालकीची कशी असेल, असे तुम्हाला वाटेल. पण त्या जंगलात तसा रिवाज होता. नदीकाठाने जाणारा रुंद राजरस्ता तेवढा वाघमहाराजांचा. डोंगरउतारावरच्या बाकी साऱ्या वाटा ज्याच्या जागेतून जात, त्याच्या. साळिंदराची वाट त्याच्या आजोबांनी उतार खणून काढली होती. वरच्या माळावरून निघून ती साळिंदराच्या बिळापुढून जाई आणि खाली राजरस्त्याला मिळे. माळावर हरिणे, ससे आणि रानडुकरे यांची वस्ती होती. नदीवर पाण्याला, खालच्या रानात चाऱ्याला, काही गाऱ्हाणे असेल तर दरबारात, सगळी वस्ती याच वाटेने ये-जा करी. ही वाट सोडली तर डोंगराला पुरा वळसा घालावा लागे. सकाळी निघालेला प्राणी नदीवर पोचेपर्यंत उन्हे डोक्यावर येत.

साळिंदर कोणाला अडवत नसे. पण वाटेवर पावले वाजली की तो बिळाच्या तोंडाशी येऊन बसे आणि विचारी, "काय, आमच्याच वाटेने निघालात ना?" 'आमच्याच' या शब्दावर तो जरा जोर देई. जाणारा मान लववून म्हणे, "हो दादा, तुमच्याच." एवढे ऐकले की त्याचा दिवस चांगला जाई. तो स्वभावाने दुष्ट नव्हता. आपल्याजवळ आहे ते आपलेच आहे, हे त्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला आवडे, इतकेच.

होता होता वाट खचत चालली. दर पावसाळ्यात वरचे पाणी वाटेवरूनच धावे आणि माती ओरबाडून नेई. उघडे पडलेले दगड पायाखाली निसटू लागले. एका बाजूची कड ढासळली. एका म्हाताऱ्या सशाचा पाय घसरला आणि तो गडगडत थेट साळिंदराच्या बिळापाशी येऊन आदळला. त्या दिवशी वस्तीतली हरिणी साळिंदराकडे आली. ती शांत स्वभावाची होती आणि जे असेल ते सरळ बोले.

"दादा, वाटेचं काही तरी करायला हवं," ती म्हणाली. "उद्या एखादं पिल्लू खाली जाईल."

"करायला हवं, पण कोणी करायचं?" साळिंदर म्हणाला. "वाट माझी म्हणून दुरुस्तीही माझीच. हा उतार दगडांनी बांधायचा म्हणजे माझ्या एकट्याच्या आवाक्यातलं काम आहे का? आणि दरबारात गेलं की म्हणणार, तुमची खासगी वाट, आमचा काय संबंध?"

ते खरेच होते. राजाचे हत्ती राजरस्ता नीट राखत, पण खासगी वाटेवर त्यांनी एक दगडही ठेवायचा नाही असा नियम होता. मात्र त्याच उन्हाळ्यात वाघमहाराजांनी तो नियम बदलला. कोणत्या तरी दूरच्या वस्तीतल्या प्राण्यांना वाट नसल्यामुळे वणव्यातून वेळेवर बाहेर पडता आले नव्हते. ते ऐकून महाराजांना फार वाईट वाटले. दुसऱ्याच दिवशी दरबारातला कावळा झाडाझाडावर बसून दवंडी देऊ लागला.

"ऐका हो ऐका! ज्याची खासगी वाट सगळ्यांच्या पायाखालची आहे, त्याला सरकारी मदत मिळेल! हत्ती सरकारचे, मुकादम सरकारचा! वाट वापरणाऱ्यांनी दगड आणून द्यावेत! आणि मालकाने भर दरबारात शब्द द्यावा, की ही वाट सर्वांना कायम खुली राहील!"

दवंडी संपायच्या आत हरिणी, ससे आणि रानडुक्कर साळिंदराच्या दारात हजर झाले. "दगडांची काळजी तुम्ही करू नका," रानडुक्कर म्हणाले. "आख्खा माळ उकरून देतो." साळिंदराची बायको आतून म्हणाली, "अहो, चालून आलेली मदत आहे. व्हा पुढे."

साळिंदर पुढे झाला. दरबारात रस्त्यांचे खाते एका अस्वलाकडे होते. अंगाने थोराड, चालीने सावकाश आणि कामाच्या बाबतीत काटेकोर, असे ते अस्वल होते.

"वाट कोणाची?" अस्वलाने विचारले.

"माझी."

"चालणार कोण?"

"सगळे."

"कायम?"

हा शब्द साळिंदराला जरा मोठा वाटला. पण मागे अख्खी वस्ती उभी होती. तो म्हणाला, "कायम." अस्वलाने मान हलवली आणि हत्तींना निघायचा हुकूम दिला.

मग काय विचारता! माळावर उत्सव असल्यासारखी गडबड उडाली. रानडुकरांनी मोठे दगड उकरून काढले आणि ढकलत ढकलत वाटेवर आणले. सशांनी तोंडात धरून बारीक खडी आणली. हरिणे पाठीवरून मुरूम वाहत होती. हत्तींनी वाटेवर दगड बसवले, खचलेल्या कडेला भक्कम बांध घातला आणि डोंगराच्या बाजूने पाणी वाहून जायला चर खणला. साळिंदर बिळापुढे उभा राहून "इथे जरा नीट, इथे जरा सरळ" असे सांगत होता. काम संपले तेव्हा वाट इतकी देखणी दिसत होती की राजरस्त्याने तिचा हेवा करावा. हत्ती गेले, वस्ती गेली. साळिंदर एकटाच ती वाट वर-खाली, वर-खाली चालत राहिला. त्याचा ऊर भरून आला. आजोबांनी हे पाहायला हवे होते, असे त्याला वाटले.

सकाळी तो बाहेर आला, तर वाटेवर चिखलाने भरलेल्या खुरांचे ठसे! रानडुकरांचा घोळका नदीवर लोळून याच वाटेने वर गेला होता. पाठोपाठ सशांची पिल्ले आली आणि नव्या बांधावरून उड्या मारू लागली. चराच्या कडेला कोणी तरी कंद उकरून खाल्ले होते. साळिंदराच्या अंगावरचे काटे आपोआप उभे राहिले.

"जरा पाय झटकून जात चला," तो पहिल्या दिवशी म्हणाला. वस्तीने ते ऐकले. मग तो म्हणाला, "बांधावर पोरं नकोत." तेही त्यांनी ऐकले. मग म्हणाला, "वळवाचा पाऊस पडून गेल्यावर वाट वाळेपर्यंत कोणी येऊ नका." त्यावर रानडुक्कर कुरकुरले, पण थांबले. प्रत्येक वेळी ऐकले गेले म्हणून साळिंदराला वाटले, आपले म्हणणे बरोबरच आहे. आणि एके दिवशी वस्ती नदीवर निघाली, तर वाटेच्या वरच्या तोंडाशी बोरीच्या काटेरी फांद्या रचलेल्या. पलीकडे साळिंदर बसला होता.

"हे काय, दादा?" हरिणीने विचारले.

"वाट बंद आहे."

"बंद कशी? दरबारात तुम्ही कायम खुली म्हणालात."

"खुलीच आहे," साळिंदर म्हणाला. "सध्या दुरुस्तीपुरती बंद आहे. तुम्ही लोक चालता कसे, ते पाहिलंत का? नव्या वाटेची काय दशा करून टाकलीत! अन् एक सांगतो, मी शब्द चालण्याचा दिला, जमीन नाही दिली. वाट माझी होती, माझीच आहे."

"दगड कोणी आणले?" रानडुक्कर गुरगुरले. "बाजूला हो. एका धडकेत हे काटे उडवतो बघ."

हरिणी मध्ये पडली. "नको," ती म्हणाली. "पाऊस तोंडावर आला आहे. भांडणात दिवस घालवण्यापेक्षा आपण दुसरीकडून जाऊ. शेजाऱ्याशी रोज मारामारी करून पाणी प्यायचं, ते पाणी गोड लागेल का?" रानडुकराला हे पटले नाही, पण हरिणीचा शब्द कोणी मोडत नसे. ते फुरफुरत मागे फिरले.

डोंगराच्या दुसऱ्या अंगाला एका म्हाताऱ्या घोरपडीची जागा होती. नुसते खडक आणि झुडपे. वाट म्हणावी असे तिथे काही नव्हते. हरिणीने तिला विचारले, "आजी, तुझ्या जागेतून गेलो तर चालेल?"

"जा की," उन्हात डोळे मिटून पडलेली घोरपड डोळे न उघडताच म्हणाली. "माझ्या अंगावरून जाऊ नका म्हणजे झालं."

वस्ती तिथून जाऊ लागली. सुरुवातीला फार त्रास झाला. पण रोज पाय पडत गेले, झुडपे आपोआप बाजूला झाली आणि खडकांमधून एक पायवाट उमटली. जुन्या वाटेपेक्षा ती लांबची होती, पण डोंगराच्या वळशापेक्षा बरीच जवळची.

इकडे अस्वल पाहणीला यायचे होते. कावळ्याने आगाऊ निरोप दिला तशी साळिंदराने काटे ओढून झुडपात लपवले. अस्वल आले, वाट वरपासून खालपर्यंत चालले आणि खूश झाले. "वा! काय स्वच्छ ठेवली आहे वाट," ते म्हणाले. "एक डाग नाही." ते राजरस्त्याला लागताच साळिंदराने काटे पुन्हा जागच्या जागी लावले. त्या रात्री त्याला झोप मात्र नीट लागली नाही. पण सकाळी वाट इतकी नितळ दिसत होती की तो सारे विसरला.

पावसाळा आला. साळिंदराच्या घरी दोन पिल्ले जन्मली. तो आनंदात होता. पिल्ले मोठी झाली की याच वाटेने त्यांना नदीवर न्यायचे, असे तो बायकोला सांगे. पण वाटेचे काही तरी बिनसत चालले होते. दगडांच्या फटींतून गवत वर आले. साळिंदराने ते दातांनी उपटले. चार दिवसांत त्याहून दाट उगवले. पूर्वी हरिणे जाता-येता ते खुडून खात, हे त्याच्या लक्षात कधी आले नव्हते. चरात पालापाचोळा साठून गाळ बसला. पूर्वी रानडुकरे कंदांसाठी तिथे नाक खुपसत आणि चर आपोआप मोकळा राही. साळिंदराला तेव्हा वाटे, ती नासधूस करताहेत. घाणेरीची झुडपे दोन्ही बाजूंनी आत सरकली. काट्यांच्या कुंपणावर वेली चढल्या आणि त्याची हिरवी भिंत झाली. साळिंदर दिवसभर राबे आणि संध्याकाळी मागे वळून पाही, तर सकाळी साफ केलेली जागा त्याला ओळखू येत नसे.

"वस्तीला बोलवा," बायको म्हणाली. "एकट्याचं काम नाही हे."

"बोलावलं की परत डोक्यावर बसतील," साळिंदर म्हणाला. खरे तर आता त्याला लाज वाटत होती. पण लाज वाटते हे बायकोला सांगणे त्याला जमले नाही.

मग एकदा पाऊस जो लागला, तो थांबेचना. चर तुंबलेला, त्यामुळे वरचे पाणी दगडांखाली शिरले. एका दुपारी साळिंदराने बिळातून पाहिले, तर हत्तींनी घातलेला भक्कम बांध गरोदर बाईच्या पोटासारखा पुढे आला होता. तो "आत चला, आत!" म्हणून ओरडला आणि तेवढ्यात बांध सुटला. दगड, माती, झाडे यांचा लोंढा वाट घेऊन खाली गेला. खालची अर्धी वाट उरलीच नाही. तिथे आता नुसता सरळ कडा होता. आणि वरून येणारे पाणी बिळात शिरू लागले.

साळिंदराने एक पिल्लू तोंडात धरले, बायकोने दुसरे. खाली जाता येत नव्हते. दोघे वर धावले. वर ती हिरवी भिंत होती. साळिंदराने पिल्लू बायकोपाशी ठेवले आणि काट्यांना भिडला. फांद्या त्याने स्वतःच रचल्या होत्या, कुठली कुठे अडकवली आहे हे त्याला ठाऊक होते, पण वेलींनी आता सगळे एकात एक विणून टाकले होते. तो ओढी, आणि ओढले की भिंत आणखी घट्ट होई. मागे पायाखालची माती ओघळत होती. पिल्ले चिरक्या आवाजात ओरडू लागली. तेव्हा साळिंदरही ओरडला. "कोणी आहे का? अहो, कोणी आहे का?"

पलीकडून जड पावले धावत आली. "कोण आहे?" हा आवाज रानडुकराचा होता.

"मी साळिंदर. पिल्लं आहेत बरोबर. वाट..."

"वाट दुरुस्तीपुरती बंद होती ना?" रानडुक्कर म्हणाले. आणि दुसऱ्या क्षणी, उत्तराची वाट न पाहता, "मागे सरा सगळे!" असे म्हणून त्याने सुळे रोखले आणि भिंतीत धडक मारली. मागून दुसरी रानडुकरे आली. वेली तटातट तुटल्या. भगदाड पडताच हरिणीने आत मान घालून एक पिल्लू उचलले, मग दुसरे. साळिंदर सर्वांत शेवटी बाहेर आला. त्याच्या नाकातून रक्त येत होते. तो माळावर उभा राहून मागे पाहू लागला, तर त्याचे बीळ असलेला उतार हळूच खाली बसला.

सशांनी आपल्या बिळांपैकी एक कोरडे बीळ त्याच्या कुटुंबाला रिकामे करून दिले.

पाऊस उघडल्यावर साळिंदर पुन्हा दरबारात गेला. "महाराजांची मदत पुन्हा मिळेल का?" त्याने खाली मान घालून विचारले.

काट्यांच्या कुंपणाची गोष्ट कावळ्याने अस्वलाच्या कानावर घातली होती. "मदत वाटेला नव्हती," ते म्हणाले. "वाटेवरून चालणाऱ्यांना होती. चालणारे आता कुठे आहेत?" मग ते म्हणाले, "चूक माझीही झाली. तुझी वाट पाहून मी खूश झालो. वापरातली वाट इतकी नितळ कशी राहील, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. या वाटेला आता सरकारी मदत मिळायची नाही."

दुसऱ्या दिवशी अस्वल कोणाला न कळवता माळावर आले. घोरपडीच्या जागेतल्या पायवाटेशेजारी ते सकाळपासून बसून राहिले आणि कोण जाते, कोण येते ते पाहत राहिले. हरिणे गेली, रानडुकरे गेली, शेजारच्या डोंगरावरची वानरेही त्याच वाटेने उतरली. चिखल तुडवला जात होता, पिल्ले खडकांवरून उड्या मारत होती. "आजी," अस्वलाने घोरपडीला विचारले, "या वाटेला सरकारी मदत दिली तर तुमची हरकत आहे का?"

"माझी कसली हरकत?" घोरपड म्हणाली. "मला विचारता कशाला? त्यांना विचारा, जे चालतात."

हत्ती आले. वस्ती पुन्हा दगड आणायला निघाली. साळिंदर जरा दूर उभा होता. कोणी त्याला बोलावले नाही, कोणी जा असेही म्हटले नाही. थोड्या वेळाने तो पुढे झाला, एक दगड ढकलत ढकलत आणला आणि हत्तीच्या पायाशी ठेवला. हत्तीने तो उचलून वाटेत बसवला. साळिंदर दुसरा आणायला गेला. या वेळी कोणता दगड कुठे बसवायचा, हे त्याने कोणाला सांगितले नाही.

साळिंदराच्या आजोबांची वाट पुढच्या पावसाळ्यापर्यंत जंगलाने गिळली. ती कुठून जात होती, हे आता नवीन पिल्लांना सांगूनही समजत नाही. साळिंदर रोज आपल्या पिल्लांना घेऊन घोरपडीच्या वाटेने नदीवर जाई. म्हातारी तिथेच उन्हात पडलेली असे. त्या वाटेवर त्याला कोणी कधी अडवले नाही, ही वाट कोणाची आहे असे एकदाही विचारले नाही. आणि प्रत्येक फेरीला नेमके तेच त्याच्या मनाला टोचत राही.

तात्पर्य इतकेच : जे सर्वांच्या नावाने मिळाले ते एकट्याने अडवून ठेवले, तर ते अडवणाऱ्याच्याही हाती राहत नाही. वाट मालकाच्या हक्काने नव्हे, चालणाऱ्यांच्या वर्दळीने टिकते.